दगडा, तुझं गाव कोणतं?

नवतपा लागायला अजून तीन दिवस होते. विदर्भात मे महिन्याच्या त्या दिवसांत दुपारी दोनच्या सुमाराला रस्त्यावर चिटपाखरू नसतं. माणसं कूलरपुढे आडवी, जनावरं झाडाखाली, दुकानांची शटरं अर्ध्यावर ओढलेली. २२ मे २०१२च्या अशाच दुपारी नागपूर जिल्ह्यातल्या काटोलच्या आभाळात मोठा धडाका झाला आणि मग दगड पडले. संत्र्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या गावाचं नाव त्या दिवशी एका निराळ्याच वहीत चढलं. अशनी जिथे पडतो त्या जागेचं नाव त्याला द्यायचं, असा जगभरचा रिवाज आहे. त्यामुळे जगातल्या अशनी-अभ्यासकांच्या तोंडी ‘काटोल’ म्हणजे संत्री नव्हेत, दगड. एल-६ वर्गाचा, साध्या कॉन्ड्राइट जातीचा दगड.

हा रिवाज मला नेहमीच थोडा अन्यायाचा वाटत आलाय. पडल्या जागेचं नाव म्हणजे सासरचं नाव. माहेर कुठलं, ते त्यातून कळत नाही. काटोलचा दगड काटोलचा नव्हता, एवढंच काटोल हे नाव सांगतं.

नागपूरला भूशास्त्र शिकवणारा माझा एक मित्र आहे. त्याच्याबरोबर घाटांत, नाल्यांत, बंद पडलेल्या खाणींत मी पुष्कळ भटकलोय. त्याची एक सवय मला सुरुवातीला उद्धटपणाची वाटायची. मी एखादा देखणा दगड उचलून त्याच्यापुढे धरला, की तो त्याच्याकडे धड बघायचाही नाही. पिशवीतून हातोडी काढायचा आणि एक घाव घालायचा. मी कुरकुरलो की म्हणायचा, ‘‘वरून काय पायतं बे? फोडून पाय.’’ दगडाची वरची साल ऊन, पाऊस आणि शेवाळ यांनी बदललेली असते. आपला काळा कातळ वरून तपकिरी, कधी तांबूस दिसतो. फोडला की आत निळसर काळा निघतो. ताजा छेद बघितल्याशिवाय दगडाबद्दल बोलायचं नाही, ही त्याच्या धंद्यातली पहिली शिस्त.

आकाशातल्या दगडांचा अभ्यास करणाऱ्यांकडे हातोडीच नव्हती. मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या पट्ट्यात लाखो लघुग्रह फिरतात. त्यांतले बहुतेक मोठ्यात मोठ्या दुर्बिणीतूनही नुसता ठिपका दिसतात. त्या ठिपक्यावरून परावर्तित होऊन आलेलं ऊन, एवढाच मुद्देमाल. तोही वरच्या सालीवरून आलेला.

त्या उन्हातून दगड ओळखायची युक्ती जिथून निघते, तो माणूस मात्र एकच आहे. सन १८०० मध्ये विल्यम हर्शेलने इंग्लंडमधल्या आपल्या घरी लोलकातून सूर्यप्रकाश पाडला आणि वेगवेगळ्या रंगांत तापमापक ठेवून कोणत्या रंगात किती उष्णता आहे ते मोजलं. तांबड्याच्या पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नव्हतं, तिथला पारा सगळ्यात वर चढला. हे अवरक्त किरण. पुढच्याच वर्षी, १ जानेवारी १८०१ला, पालेर्मोत ज्युझेप्पे पियात्झीला सेरेस सापडला. त्यानंतर दुसरा सापडला तेव्हा, १८०२ मध्ये, या नव्या बारक्या गोलांचं बारसं हर्शेलनेच केलं: अॅस्टेरॉइड, म्हणजे ताऱ्यासारखे दिसणारे. दुर्बिणीतून ते ताऱ्यासारखे टिंबच दिसत होते, म्हणून. ज्याने अदृश्य प्रकाश शोधला त्यानेच लघुग्रहांना नाव दिलं, पण दोन्हींची गाठ घालून द्यायला आणखी पावणेदोनशे वर्षं लागली.

गाठ पडते ती लोखंडाच्या अणूमुळे. माठ विकत घेताना आपण तो बोटांनी वाजवून बघतो. आत न डोकावता भाजणी पक्की आहे की चीर गेलीय ते आवाजावरून कळतं. खनिजाला प्रकाशाने असंच वाजवता येतं. ऑलिविन आणि पायरॉक्सिन ही दोन खनिजं दगडी अशनींमध्ये आणि आपल्या कातळातही असतात. दोघांतही लोहाचे अणू असतात, पण ते ऑक्सिजनच्या अणूंच्या पिंजऱ्यात अडकलेले, आणि दोघांचे पिंजरे वेगळ्या घडणीचे. पिंजऱ्याची घडण बदलली की लोह कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश गिळणार तेही बदलतं. ऑलिविन एक मायक्रॉनच्या किंचित पुढे एक पसरट दरी पाडतं. पायरॉक्सिन दोन दऱ्या पाडतं: एक ०.९ मायक्रॉनच्या आसपास, दुसरी दोनच्या आसपास. आपल्या डोळ्यांचं राज्य ०.७ मायक्रॉनला संपतं, म्हणजे हा सगळा खेळ तांबड्याच्या पलीकडचा. दोन्ही दऱ्यांच्या क्षेत्रफळांचं गुणोत्तर काढलं की कोणतं खनिज किती, याचा अंदाज येतो; दरीचा तळ किती सरकलाय त्यावरून त्यात लोह किती, तेही.

कागदावर हे सोपं वाटतं. अडचण आपल्याच डोक्यावर असते. हवेतली वाफ अवरक्त प्रकाश अधाशासारखी पिते. १.४ आणि १.९ मायक्रॉनला ती मोठे लचके तोडते आणि २.७च्या आसपास तर जमिनीवर जवळजवळ काहीच पोहोचू देत नाही. म्हणून वाफेच्या वर जायचं. हवाई बेटावरच्या मौना केआच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ४,२०० मीटरवर, नासाची तीन मीटर आरशाची अवरक्त दुर्बीण आहे. १९७९ मध्ये ती उभी राहिली ती व्हॉयेजर यानांच्या मोहिमेला मदत म्हणून. व्हॉयेजर कधीच पुढे निघून गेली, दुर्बीण कामाला राहिली. सन २००० पासून तिच्यावर स्पेक्स नावाचा वर्णपटमापक बसवलाय. आतले आरसे आणि भिंगं उणे दोनशे अंशांच्या आसपास थंड ठेवलेली असतात, कारण अवरक्तात बघायचं तर उपकरणाचीही स्वतःची ऊब आड येते. कंदिलाने उजळलेल्या खोलीत काजवा शोधण्यासारखं ते होईल.

रात्रीचं काम मात्र विलक्षण कंटाळवाणं. लघुग्रहाचा ठिपका एका बारीक फटीत धरायचा. तो ताऱ्यांच्या मानाने सरकत असतो, त्याच्यामागे दुर्बीण सरकवायची. दोन मिनिटांपर्यंतचं एक छायाचित्र फटीच्या एका टोकाला घ्यायचं, दुसरं दुसऱ्या टोकाला, आणि एकातून दुसरं वजा करायचं. मागच्या आकाशाची चमक अशी पुसली जाते. असं परत परत. मग जवळच दिसणारा, सूर्यासारख्याच जातीचा एखादा तारा धरायचा आणि त्याच्यावरही तेच. लघुग्रहाच्या प्रकाशाला ताऱ्याच्या प्रकाशाने भागलं की सूर्याचे स्वतःचे रंग गळून पडतात, हवेने तोडलेले लचकेही बरेचसे भरून येतात, आणि हातात उरते ती दगडाची सही. हा भागाकार नीट जमला नाही तर हवेतली वाफ दगडात पाणी होऊन दिसते. हल्ली त्यासाठी डोंगर चढायची गरज उरलेली नाही. निरीक्षक घरबसल्या संगणकावरून दुर्बीण चालवतात. तिथली मध्यरात्र म्हणजे आपल्याकडचे दुपारचे साडेतीन. चहाच्या वेळेला लघुग्रह.

या दुर्बिणीवर वर्षानुवर्षं काम केलेल्यांत एक नाव आपल्याकडचं आहे: विष्णू रेड्डी. भारतात पत्रकारी करता करता हौशी खगोल-निरीक्षणात शिरलेला हा माणूस अमेरिकेत गेला आणि लघुग्रहांच्या अवरक्त वर्णपटांवर काम करता करता अॅरिझोना विद्यापीठात प्राध्यापक झाला. पत्रकाराचा प्राध्यापक होणं ही उन्नती की अवनती, यावर आमच्या धंद्यात दुमत आहे, पण मला त्याचा हेवा वाटतो हे मान्य करतो.

या युक्तीचं पहिलं मोठं यश आपल्या कातळाच्या नात्यातलं निघालं. १९७० मध्ये टॉमस मकॉर्ड, जॉन अॅडम्स आणि टॉरन्स जॉन्सन यांनी व्हेस्टा या सुमारे सव्वापाचशे किलोमीटर व्यासाच्या लघुग्रहाचा वर्णपट काढला. ०.९ मायक्रॉनला ठसठशीत दरी. पायरॉक्सिन. आणि वर्णपटाचा एकूण चेहरा पृथ्वीवर पडलेल्या युक्राइट नावाच्या अशनींशी जुळणारा. युक्राइट म्हणजे बेसॉल्ट. महाराष्ट्रातल्या माणसाला बेसॉल्ट समजावून सांगावा लागत नाही. किल्ले, लेणी, पाटे-वरवंटे, देवळांच्या पायऱ्या सगळं त्याचंच. बेसॉल्ट म्हणजे थिजलेला लाव्हा. तेव्हा व्हेस्टावर कधीतरी लाव्हा वाहिला होता. पण पृथ्वीच्या मानाने एवढासा असलेला हा गोळा वितळला कशाने?

त्याच्या उत्तराचा एक मोठा तुकडा राजस्थानात पडला. २० जून १९९६ला पाली जिल्ह्यातल्या पिपलिया कलां इथे एक युक्राइट कोसळला. अहमदाबादच्या भौतिकी अनुसंधान प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांना त्यात अॅल्युमिनिअम-२६ या अल्पजीवी किरणोत्सारी समस्थानिकाच्या अस्ताची खूण सापडली आणि १९९९ मध्ये त्यांनी ती प्रसिद्ध केली. सुमारे सात लाख वर्षांत निम्मं होणारं हे द्रव्य सूर्यमाला कोवळी असताना भरपूर होतं, आणि विझता विझता ते लहान गोळ्यांनाही वितळवण्याइतकी उष्णता देऊन गेलं. दुर्बिणीतून दिसलेली दरी आणि मारवाडात पडलेला दगड यांनी मिळून एक गोष्ट पुरी केली. त्याआधीच, १९९३ मध्ये, रिचर्ड बिन्झेल आणि शुई शू यांनी व्हेस्टापासून गुरूच्या ओढीने पट्ट्यात पडलेल्या मोकळ्या जागेपर्यंत विखुरलेले, व्हेस्टासारखाच वर्णपट असलेले बारके लघुग्रह दाखवून दिले: घरापासून हमरस्त्यापर्यंत सांडत गेलेल्या दाण्यांसारखे. त्या मोकळ्या जागेत शिरलेला तुकडा गुरूच्या तालात सापडतो, त्याची कक्षा लांबत जाते आणि कधीतरी तो पृथ्वीच्या वाटेवर येतो. २०११ मध्ये डॉन यान व्हेस्टापाशी पोहोचलं, तेव्हा दक्षिण ध्रुवाशी पाचशे किलोमीटर रुंदीचं विवर समोरच होतं. टवके कुठून उडाले ते दिसलं.

व्हेस्टाचं सोपं होतं, कारण व्हेस्टाची साल फारशी फसवी नाही. घोळ झाला तो काटोलच्या भाऊबंदांचा.

पृथ्वीवर पडताना दिसलेल्या अशनींत दहापैकी सुमारे आठ साधे कॉन्ड्राइट असतात. त्यांच्या लोहाच्या प्रमाणावरून तीन घराणी: एच, एल आणि एलएल. काटोल एलमधला. एवढे सगळे एकाच जातीचे दगड येतात, तर आकाशात त्यांचे वाडे-हुडे भरपूर असायला हवेत. पट्ट्याच्या आतल्या भागात ‘एस’ वर्गाचे लघुग्रह खच्चून भरलेले होते; ऑलिविन होतं, पायरॉक्सिन होतं. मग हेच ते घर म्हणावं, तर वर्णपट जुळेना. प्रयोगशाळेत कॉन्ड्राइट कुटून त्याचा भुगा करून मोजला की वक्र सपाट, दऱ्या खोल. एस लघुग्रहांचा वक्र तांबड्याकडे चढत जाणारा, दऱ्या उथळ, जणू कुणीतरी वरून पातळ तांबूस रंगाचा हात फिरवलाय. सत्तरच्या दशकापासून पंचवीस-तीस वर्षं यावर भांडण चाललं. एका पक्षाचं म्हणणं: वर्णपट जुळत नाही म्हणजे दगड वेगळा, कॉन्ड्राइटचं घर कुठेतरी दुसरीकडे आहे. दुसऱ्याचं म्हणणं: दगड तोच, साल बदललीय. हातोडी असती तर पाच मिनिटांत निकाल लागला असता.

सालीची बाजू घेणाऱ्यांकडे चंद्राचा दाखला होता. अपोलोच्या अंतराळवीरांनी आणलेली चंद्रावरची माती तिथल्याच खडकांपेक्षा काळी आणि तांबूस होती. ब्रूस हॅप्के सत्तरच्या दशकापासून सांगत होते, की सूर्याकडून सतत येणाऱ्या कणांच्या आणि बारीक उल्काकणांच्या माऱ्याने खनिजातलं लोह वाफ होऊन पुन्हा बसतं आणि कणांवर शुद्ध लोहाचा अतिसूक्ष्म लेप चढतो. बराच काळ त्यांचं कुणी फारसं मनावर घेतलं नाही. १९९३ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली चंद्राच्या मातीच्या कणांवर तो लेप दिसला. २००१ मध्ये जपानी शास्त्रज्ञ शो सासाकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑलिविनवर लेसरचे ठोके मारून प्रयोगशाळेतच दगडाला ‘उन्हात रापवून’ दाखवलं. मराठीत याला रापणं म्हणावं असं मला वाटतं. शास्त्रीय परिभाषेत ‘अवकाशीय अपक्षय’ असा शब्द बनवता येतो, पण तो ऐकून कुणाच्याच डोळ्यांपुढे काही उभं राहत नाही. रापलेला दगड मात्र शेतात राबणाऱ्या माणसाला लगेच कळेल.

तरी लघुग्रहावरचा पुरावा तो नव्हेच. चंद्र चंद्र आहे.

२००१ मध्येच बिन्झेल आणि सहकाऱ्यांनी एक धाडस केलं. जपानचं हायाबुसा हे यान इटोकावा नावाच्या जेमतेम अर्ध्या किलोमीटरच्या लघुग्रहाकडे जायचं होतं. त्यांनी जमिनीवरून त्याचा वर्णपट काढला, त्यावरचा तांबूस चढ हिशोबाने खरडून काढला, आणि लिहून ठेवलं: खाली एलएल कॉन्ड्राइट असावा, वर रापलेला. भाकीत छापून ठेवायचं आणि मग कुणीतरी खरोखर जाऊन बघणार म्हणून वाट बघायची, हे विज्ञानात वाटतं तितकं नेहमी घडत नाही.

हायाबुसाची कथा म्हणजे नुसत्या विघ्नांची मालिका. मे २००३ मध्ये निघालेलं यान सप्टेंबर २००५ मध्ये पोहोचलं. पृष्ठभागावर टेकताच एक छोटी गोळी झाडून दगड फोडायचा आणि उडालेला चुरा गोळा करायचा, अशी योजना होती. यान टेकलं, गोळी उडाली नाही. पहिल्यांदाच बरोबर नेलेली हातोडी ऐनवेळी पिशवीतच राहिली. इंजिनं आणि संपर्क यांच्याशी झगडत, ठरल्यापेक्षा तीन वर्षं उशिराने, १३ जून २०१० रोजी ते परत आलं. कुपी ऑस्ट्रेलियात उतरली. आत डोळ्यांना दिसेल असं जवळजवळ काहीच नव्हतं. पण टेकताना उडालेली धूळ आत शिरली होती: पंधराशेहून अधिक कण, बहुतेक मिलिमीटरच्या शंभराव्या भागापेक्षा लहान. सगळी मिळून एक मिलिग्रॅमही नाही.

तेवढ्याने पुरलं. २०११ मध्ये विश्लेषण आलं: एलएल कॉन्ड्राइट. आणि कणांच्या कडांवर तोच लेप, लोहाचे अतिसूक्ष्म गोळे, मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही पातळ थरात. एवढ्याशा पापुद्र्याने तीस वर्षं शास्त्रज्ञांना झुलवलं होतं. भांडण मिटलं. एस लघुग्रह हेच साध्या कॉन्ड्राइटांचं घर.

इथे कुणालाही वाटेल की आता सालीची खोड कळली, पुढे फसायचं कारण नाही. माझ्या मित्राला वाटलं नसतं.

हायाबुसा-२ जून २०१८ मध्ये र्‍युगू या काळ्याकुट्ट लघुग्रहापाशी पोहोचलं. र्‍युगू त्याच्यावर पडलेल्या उन्हाचे शंभरातले दोनच भाग परत पाठवतो. कोळसाही त्याच्यापुढे उजळ. यानाच्या अवरक्त वर्णपटमापकाला २.७२ मायक्रॉनला एक बारीकशी दरी दिसली. खनिजांत बांधल्या गेलेल्या पाण्याची ही खूण. जमिनीवरून ती कधीच दिसली नसती, कारण वाफेची भिंत नेमकी तिथेच उभी आहे. पण दरी फार उथळ. निष्कर्ष निघाला की एकेकाळी यात पाणी होतं, पुढे दगड तापला आणि पाणी बरंचसं उडालं. यावेळी हातोडीही चांगली जंगी नेलेली होती. ५ एप्रिल २०१९ला यानाने दोन किलोचा तांब्याचा गोळा सेकंदाला दोन किलोमीटरच्या वेगाने पृष्ठभागावर हाणला आणि चौदा-पंधरा मीटरचं विवर पाडलं. उघड्या पडलेल्या आतल्या मालाकडे वर्णपटमापकाने पाहिलं. दरी थोडी खोल दिसली, तरी ‘तापलेला दगड’ हे मत काही बदललं नाही. डिसेंबर २०२० मध्ये ५.४ ग्रॅम माल पृथ्वीवर आला. तो हवा न लागू देता उघडला, मोजला, आणि दरी चांगली खोल निघाली. दगड शंभर अंशांपुढे कधी तापलाच नव्हता. सूर्यवाऱ्याने आणि उल्काकणांनी वरच्या पापुद्र्यातलं पाणी हाकलून दिलं होतं; आत सगळं ओलं. एस वर्गाचा दगड रापून तांबूस होतो, हा कोरडा पडतो. एकच रोग, अंग वेगळं.

बेन्नू या लघुग्रहाने वेगळी चकवणूक केली. त्याच्याकडून येणाऱ्या उष्णतेच्या किरणांवरून तो किती भरभर तापतो-निवतो ते मोजलं होतं. त्यावरून अंदाज बांधला की पृष्ठभाग बारीक खडीचा, मऊ असणार. २०१८च्या डिसेंबरात ओसायरिस-रेक्स यान तिथे पोहोचलं तर समोर शिळांचा नुसता रगाडा. शिळा सच्छिद्र होत्या, म्हणून वाळूसारख्या भरभर निवत होत्या. उतरायला जागा शोधता शोधता सगळ्यांचा घाम निघाला.

आता काटोलकडे परत जायला हरकत नाही.

एल घराण्याचा इतिहास रक्तरंजित आहे. पृथ्वीवर पडणाऱ्या अशनींपैकी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त एल गटातले, आणि त्यांतल्या पुष्कळांच्या अंगावर सुमारे ४७ कोटी वर्षांपूर्वीच्या एका प्रचंड टकरीच्या खुणा आहेत. स्वीडनमधल्या चुनखडीच्या खाणींत त्याच काळातले अश्मीभूत अशनी शंभराहून अधिक सापडले. त्या वेळी पृथ्वीवर यांचा पाऊसच पडला असावा. काटोलच्या दगडाच्या अंगावरही मोठ्या आघाताच्या खुणा आहेत. २०२१ मध्ये आयआयटी खरगपूरच्या शास्त्रज्ञांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना त्यातल्या वितळून थिजलेल्या शिरांमध्ये ब्रिजमनाइट सापडलं. पृथ्वीच्या पोटात हे खनिज साऱ्यांत मुबलक, पण साडेसहाशे किलोमीटरहून खोल. तिथून कुणी आणून दाखवू शकत नाही. संत्र्याच्या बागांच्या मुलखात आभाळातून पडलेल्या दगडात ते निघालं.

पण टक्कर कुणाची झाली? २००९ मध्ये बोट गेफियन नावाच्या लघुग्रह-कुळाकडे दाखवलं गेलं: वय जुळत होतं. पुढे वर्णपट काढत गेल्यावर तो संशय टिकला नाही. वयाचा दाखला जुळला, चेहरा जुळेना. ऑक्टोबर २०२४ मध्ये मिकाएल मार्से आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये दुसरं नाव मांडलं. अवरक्त वर्णपटांतून निघालेली ऑलिविन-पायरॉक्सिनची प्रमाणं, कुळातल्या तुकड्यांच्या कक्षा, जुन्या टकरीचं वय, त्यानंतर सुमारे चार कोटी वर्षांपूर्वी झालेली दुसरी टक्कर आणि तिच्यातून अजून पसरत असलेली धूळ: सगळं जुळवून ते म्हणतात, हे दगड मासालिया कुळातले. आज पडणारे एल अशनी त्या दुसऱ्या, ताज्या फुटीतून सुटलेले.

मासालिया हा लघुग्रह १९ सप्टेंबर १८५२च्या रात्री नेपल्सला अॅनिबाले दे गास्पारिस यांना सापडला. दुसऱ्या रात्री तो मार्सेयच्या वेधशाळेतून जाँ शाकोर्नाक यांनीही स्वतंत्रपणे पाहिला. शोधाचा मान नेपल्सकडे गेला, नाव मात्र मार्सेयचं लागलं: मासालिया हे मार्सेयचं प्राचीन ग्रीक नाव. त्याआधीच्या एकोणीस लघुग्रहांना देव-देवतांची आणि पुराणातल्या पात्रांची नावं होती. गावाचं नाव मिळालेला हा पहिला. काटोलच्या दगडाचं गाव विचारत गेलो आणि उत्तरात खरोखर एक गावच आलं. बंदराचं, खाऱ्या वाऱ्याचं.

याच मासालियावर २०२४च्या सुरुवातीला आणखी एक बातमी आली. सोफिया ही बोइंग ७४७ विमानात बसवलेली दुर्बीण होती. हवेतली जवळजवळ सगळी वाफ खाली टाकून ती उडायची. २०२२ मध्ये ती निवृत्त झाली, पण तिच्या जुन्या नोंदींत सहा मायक्रॉनपाशी आयरिस आणि मासालिया या दोन्ही लघुग्रहांवर पाण्याच्या रेणूची खूण निघाली. खनिजात बांधलेला नुसता हायड्रॉक्सिल नव्हे, पाणीच. काटोलचा दगड भट्टीतून निघाल्यासारखा कोरडा. ज्याच्या घरचा म्हणतात त्या घराच्या पृष्ठभागावर ओल. सालीवर काय चिकटलंय आणि दगडात काय आहे, हा जुना तंटा इथेही सुरू होणार.

मित्राला फोन करून मासालियाचं सांगितलं. तो म्हणाला, ‘‘आणून फोडला का कुणी?’’ नाही म्हटलं. ‘‘मंग?’’ एवढंच म्हणून त्याने विषय बदलला.

फोडायला कुणी जाणार नसलं, तरी एका एलएल घराण्याच्या दगडाला हलवून बघायची संधी येतेय, आणि हातोडी पृथ्वीचीच आहे. पृथ्वीजवळून जाणाऱ्या काही लघुग्रहांची साल संशयास्पद ताजी दिसते. २०१० मध्ये बिन्झेल यांनी त्याचं कारण सुचवलं: पृथ्वीच्या जवळून जाताना तिच्या ओढीने हे सैल दगड हादरतात, रापलेली माती घसरते आणि खालची न रापलेली वर येते. १३ एप्रिल २०२९ला अपोफिस नावाचा साडेतीनशे मीटरचा लघुग्रह पृथ्वीच्या पृष्ठभागापासून सुमारे ३२,००० किलोमीटरवरून, आपल्या भूस्थिर उपग्रहांच्याही आतून, जाणार आहे. वर्णपटावरून तो एलएल कॉन्ड्राइट, रापलेला. बेन्नूवरून परतलेलं यानच नव्या नावाने, तेच अवरक्त वर्णपटमापक घेऊन, त्याच्या मागावर आहे. आधीचा वक्र आणि नंतरचा वक्र एकमेकांवर ठेवले जातील. चढ किंचित कमी झाला, दरी किंचित खोल झाली, तर साल निघाली.

अपोफिस सर्वांत जवळ येईल तेव्हा भारतात १४ एप्रिलची पहाट असेल, सव्वातीन. नागपुरात त्या रात्री दीक्षाभूमीच्या आसपास कुणी झोपलेलं नसतं. मी मित्राला आत्ताच सांगून ठेवलंय की त्या रात्री तुझ्याकडे मुक्कामाला येतोय. हातोडी घेऊन ये म्हणाला.